इद्वालला खुर्चीतून उठवणं

मेंढरू उताणं पडलं तर त्याला आपलं आपण उठता येत नाही. पाय आभाळाकडे करून पडून राहतं. कोणी बघितलं तर वाचतं.

*

आमच्या खोऱ्यात आडनाव कोणी विचारत नाही. राहतं शेत हेच आडनाव. मी डिलिस नांत. माझा धाकटा भाऊ जन्मला नांतलाच, पण लग्न करून नेस्टच्या शेतावर राहायला गेला, म्हणून तो इद्वाल ब्रिन्हेलिग. कोणाला त्यावरून टोचायचं असलं तर तो शेताचं नाव जरा लांबवून उच्चारतो, बस.

*

निळ्या काठाच्या कपांतले आता दोनच उरलेत.

*

माणूस पाठीवर झोपलेला असताना त्याला मोजा चढवायचा तर मोजा आधी उलटा करून मुठीवर घ्यायचा आणि त्याच मुठीने पायाचा चवडा धरायचा. हे मला माहीत नव्हतं.

*

कायदा असा आहे: ज्याच्या हातून इजा झाली, त्याने त्या जखमीची केलेली सेवा मोजायची नाही.

*

आमच्यात ‘मी केलं’ असं म्हणत नाहीत.

*

हे शेवटचं आधी सांगते, कारण सगळं तिथेच अडलं.

लोकर कातरायच्या दिवसांत एक दिवस एकाच्या शेतावर सगळं खोरं जमतं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. कोणी डोंगरावरून मेंढरं खाली आणतो, कोणी कातरतो, कोणी लोकर गुंडाळतो, कोणी शंभर माणसांचं जेवण रांधतो. पैसा कोणी देत नाही, घेत नाही. संध्याकाळी घरमालकाने आभार मानले तर म्हणायचं, ‘मी कुठं काय केलं, सगळं त्या ग्वीनने केलं.’ ग्वीनला विचाराल तर तो म्हणणार, ‘छे, मी नुसता दाराशी उभा होतो.’ असं करत करत आमची हजारो मेंढरं दर जूनमध्ये आपोआप कातरली जातात.

आपण केलेलं बोलून दाखवणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात हात घालणं. आईने हे आम्हाला शब्दांनी शिकवलं नाही. एकदा मी शेजारणीला म्हटलं होतं, ‘मी तुमची कोंबडी शोधून दिली ना?’ घरी आल्यावर आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

*

अपघात माझ्या अंगणात झाला, तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये. नेस्ट गाडी मागे घेत होती. गाडीला मेंढरांचा ट्रेलर जोडलेला. ट्रेलर आणि दगडी भिंत यांच्यामध्ये इद्वाल सापडला. कंबरेचा चुरा झाला, पाठीचा खालचा भाग गेला. माणूस वाचला. लिव्हरपूलच्या हॉस्पिटलातून त्याला ख्रिसमसच्या आधी घरी आणलं, आणि तेव्हापासून त्याचं सगळं नेस्टने केलं. सगळं म्हणजे काय, ते पुढे येईलच.

वकिलाने सांगितलं, भरपाईचा दावा लावा. कोणावर? तर नेस्टवर. गाडी तिने चालवली, विमा तिच्या नावावर. ‘भिऊ नका, पैसे विमा कंपनी देते,’ वकील म्हणाला. ‘दाव्यात नाव तेवढं बायकोचं.’

खोऱ्यात यावर हसून घेतलं लोकांनी. ग्वीन चॅपलच्या पायरीवर म्हणाला, ‘वादी आणि प्रतिवादी एकाच पांघरुणात. थंडी बरी निभावेल.’ इद्वालही हसला. नेस्ट हसली नाही, पण तेव्हा मला वाटलं, तिला झोप नाही म्हणून.

त्या घरात एक वाक्य रुळलं होतं. डॉक्टर, पाळक, पोस्टमन, कोणीही विचारलं की दोघं तेच म्हणायची: ‘गाडी मागे आली.’ जणू गाडी आपली आपण आली.

*

घरच्यांनी केलेल्या सेवेची किंमत ठरवायला एक बाई येणार, असा निरोप आला. घरी येऊन बघणार, विचारणार, मग कोर्टासाठी अहवाल देणार. तिच्या अहवालावर सगळं होतं. पैसे आले तर कोकरं जन्मायच्या मोसमात एक माणूस ठेवता येणार होता. गेल्या मोसमात नेस्ट एकटीच गोठ्यात मेंढ्यांचं बघायची आणि तिथून घरात धावत यायची, इद्वालची कूस बदलायला. एकदा मी तिला जिन्यात उभ्या उभ्या झोपलेली पाहिलं. माणूस मिळाला नाही तर मेंढरं विकून डोंगर दुसऱ्याला द्यायचा. नेस्टच्या आजोबांनी ज्या डोंगरावर भिंती घातल्या, तो.

नेस्टने मला बोलावलं. म्हणाली, ‘तूही ये. चारचौघांत बरं असतं.’

आम्ही काय केलं असेल? पाहुणी येणार म्हणून घर लख्ख घासलं. समोरची खोली उघडली. ती खोली पाळक येतात तेव्हा उघडते आणि घरात कोणी वारतं तेव्हा. निळ्या काठाचे कप काढले. नेस्टने बारा ब्रिथ, म्हणजे आमच्याकडचा मनुकांचा पाव केला, मनुका आदल्या दिवशीच चहात भिजत घालून. अंथरुणाजवळचं भांडं, रबरी चादर, काठ्या, सगळं जिन्याखाली लपवलं. इद्वालला इस्त्रीचा शर्ट घातला. आणि त्याला स्वयंपाकघरातल्या त्याच्या खुर्चीतून, जिच्या पायांखाली नेस्टने लाकडी ठोकळे ठोकून ती उंच केली होती, तिच्यातून काढून समोरच्या खोलीतल्या कोरीव, बुटक्या, मानाच्या खुर्चीत बसवलं.

किती मदत लागते ते बघायला बाई येणार होती. आणि आम्ही मदत लागल्याची खूण घरात राहू दिली नाही. तेव्हा हे आमच्यापैकी एकालाही विचित्र वाटलं नाही.

*

तिचं नाव मेलेरी प्रॉसर. दक्षिणेची. बोलते आमचीच भाषा, पण कोणीतरी ती धुवून, पिळून वाळत घातल्यासारखी. केस आखूड, गळ्यात शिंप्यासारखी टेप.

‘बाई, तुमच्याकडे खाली मेंढराला काय म्हणतात?’ इद्वालने विचारलं. दक्षिणेचा माणूस दिसला की तो हे विचारतोच.

‘जेवण,’ ती म्हणाली.

इद्वाल इतका हसला की त्याची कंबर दुखली. मला ती बाई आवडली.

तिने बारा ब्रिथचा तुकडा खाल्ला, लोणी वाखाणलं, कप खाली ठेवला. मग म्हणाली, ‘सकाळपासून सुरुवात करू. इद्वाल, तुम्हाला अंथरुणातून कोण उठवतं?’

इद्वालने गालिच्याकडे बघितलं.

‘डिलिस.’

मला वाटलं, मला हाक मारतोय. ‘काय रे?’

‘डिलिस उठवते,’ तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

‘अंघोळ?’

‘डिलिस.’

‘मोजे, बूट?’

‘डिलिसच.’

‘रात्री कूस बदलायला लागते, असं डॉक्टरांनी लिहिलंय. ती?’

‘ती पण.’

मी डोंगराच्या पलीकडे राहते. गुरुवारी येते. मी माझ्या भावाला त्याच्या पाचव्या वर्षानंतर कधी उचललेलं नाही.

तोंड उघडायच्या आधी मी दाराकडे बघितलं. नेस्ट उंबऱ्यात उभी होती, हातात ट्रे, ट्रेवर गरम पाण्याची किटली आणि बाकीचे कप. मेंढीच्या पोटात हात घालून कोकरू चाचपताना ते मेलेलं आहे असं बोटांना समजतं, तेव्हा बाईचा चेहरा जसा होतो तसा तिचा झाला होता. त्यात ओरडणं नसतं. नुसतं कळणं असतं.

मी थांबले. आता ती बोलेल म्हणून.

‘हो,’ नेस्ट म्हणाली. ‘डिलिसचे फार उपकार आहेत आमच्यावर.’

आवाज रोजचाच. पाहुण्यासमोरचा. तिचं तोंड ते वाक्य तिच्याशिवायच म्हणालं.

‘आणि तुम्ही, नेस्ट? तुम्ही काय करता?’

‘मी? मी कुठं काय करते. चहा.’

‘नाही हो,’ मी म्हटलं, ‘मीच काही करत नाही, सगळं नेस्टच...’

आणि माझ्या लक्षात आलं, हेही तसंच वाटतंय. मेलेरी बाई हसत होती. एकीकडून दुसरीकडे मान फिरवत, समजुतीने. उत्तरेत असं बोलतात, तिला ठाऊक होतं. आपल्याला हे लोक कळतात, असं ते हसू होतं.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘बोलून हे संपायचं नाही. डिलिस, एकदा त्यांना उठवून दाखवा. रोज उठवता तसंच.’

*

मी इद्वालकडे पाहिलं. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ‘उठव,’ असं ते बघणं होतं.

मी उठले. मेंढी कशी उठवायची ते मला माहीत आहे, म्हणून मी त्याच्या समोर गेले, दोन्ही काखांत हात घातले आणि गुडघ्यांत जोर धरून ओढलं. खुर्ची बुटकी. तो वर आला, अर्धा आला, आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की तो माझ्या भावाचा आहे हे मला क्षणभर कळलं नाही. त्याचा उजवा पाय गालिच्यावरून सरकला. त्याचं ओझं माझ्या अंगावर आलं, मग माझ्या अंगावरून खाली जाऊ लागलं. त्याचा डावा हात हवेत गेला. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून, डावीकडे, जिथे कोणीच नव्हतं तिथे तो हात चाचपत होता.

ट्रे पडला. मी तो पडताना ऐकला नाही, नंतर तुकडे बघितले.

नेस्ट त्याच्या डाव्या बाजूला होती. कधी आली ते दिसलं नाही. तिने आपला पाय त्याच्या बुटाला आडवा लावला, खांदा त्याच्या काखेत घुसवला, एक हात मागून त्याच्या पट्ट्यात अडकवला. आणि ती वर ओढत नव्हती. ती त्याच्याबरोबर आधी खाली गेली, थोडी, श्वास सोडत. मग दोघं एकत्र वर आली. तिने काही म्हटलं नाही, त्याने काही म्हटलं नाही. तो हात तिच्या मानेवर येऊन बसला. जागच्या जागी.

खोलीत गरम पाणी गालिच्यात मुरत होतं.

मेलेरी बाईचं पेन थांबलं होतं. तिचं हसू गेलं होतं. एखाद्याच्या घरात चुकून नको ते दार उघडावं, तशी ती दिसत होती.

*

‘डिलिसचं नाव का घेतलंस?’

नेस्टने हे त्याला धरलेलं असतानाच विचारलं. त्याचं तोंड तिच्या कानाशी होतं. तो हळू बोलला, पण खोली लहान.

‘तूच घेतलंस.’

‘मी?’

‘फोनवर. वकिलाच्या हपिसातल्या पोरीने विचारलं, घरात यांचं कोण करतं. तू म्हणालीस, डिलिस येते बिचारी, मी कुठं काय करते.’

‘अगं बाई! अरे, तसं म्हणतात म्हणून म्हटलं!’

‘माहीत आहे मला. ती पोर चेस्टरची, आपल्या रीतीची नाही. तिने जसंच्या तसं धरलं.’

‘मग सांगायचं ना तिला.’

इद्वालने तिच्या मानेवरचा हात घट्ट केला.

‘इद्वाल. सांगायचं ना.’

‘सांगणारच होतो,’ तो म्हणाला. ‘तेवढ्यात वकिलाचा फोन आला. म्हणाला, तुमचं नशीब चांगलं. बायको काही करत नाही ते बरं आहे. बायकोने केलं असतं तर मोजता आलं नसतं.’

नेस्टने मान वळवून मेलेरी बाईकडे पाहिलं.

मेलेरी बाईने चष्मा काढला. ‘नेस्ट, आधी त्यांना बसवा. मग सांगते.’

‘उभं राहता येतं त्याला. सांगा.’

‘दावा तुमच्यावर आहे,’ ती म्हणाली. ‘भरपाई देणाऱ्या, कायद्याच्या दृष्टीने, तुम्ही. पैसे विमा कंपनीचे असले तरी. घरच्यांनी केलेल्या सेवेचे पैसे जखमी माणसाला मिळतात, ते त्याने सेवा करणाऱ्याला द्यावेत म्हणून. आता तुम्हीच द्यायचे आणि तुम्हालाच घ्यायचे, याला अर्थ नाही, असं न्यायाधीशांनी पूर्वीच ठरवलंय. म्हणून ते धरत नाहीत.’

‘कमी धरतात?’

‘धरतच नाहीत.’

‘रात्रीचंही?’

‘नाही.’

‘आणि डिलिसने केलेलं?’

‘डिलिसचं धरतात.’

‘डिलिस गुरुवारी येते,’ नेस्ट म्हणाली. ‘कांदे चिरते आणि खोऱ्यातल्या बातम्या सांगते.’

‘कांदे धरतात,’ मेलेरी बाई म्हणाली. ‘बातम्या नाही.’

कोणी हसलं नाही. ती स्वतःही नाही. मला वाटतं, बोलून गेल्यावर तिलाच धक्का बसला.

मग ती उठली. ‘माझी टेप गाडीत राहिली,’ म्हणाली. टेप तिच्या गळ्यातच होती. आम्ही तिघांनीही ती बघितली. ती बाहेर गेली आणि अंगणात, गाडीपासून लांब, पाठ करून उभी राहिली.

*

‘डिलिस,’ इद्वाल भराभर बोलू लागला. नेस्टने त्याला खिडकीच्या रुंद कठड्याला टेकवलं होतं. ‘ती आली की सांग, खुर्ची बुटकी होती म्हणून चुकलं. रोजची खुर्ची उंच आहे. खोटं नाही ते.’

‘तिने मला पाहिलंय रे! मी तुला मारायचीच बाकी होते.’

‘ती गेली ना बाहेर? मुद्दाम गेली. तुम्ही ठरवा म्हणून गेली. नुसती मान हलव.’

‘आणि पैसे?’

‘तुझ्या नावाने येतील. तू नेस्टला देशील.’

‘तो प्रश्नच नाही.’

‘मग झालं तर! कोणाचं काय जातं? कोकरांच्या वेळी माणूस येईल. ही झोपेल. डोंगर राहील. अगं, हिच्याच डोंगरासाठी बोलतोय मी!’

मी मान हलवणार होते. हे लिहिताना सोपं आहे, पण तेव्हाही सोपंच होतं. त्यात मला पाप दिसत नव्हतं. नेस्टचं काम, नेस्टचे पैसे, मध्ये फक्त माझं नाव. खोऱ्यात आपण एकमेकांच्या नावावर कामं घालत आलोच आहोत.

नेस्ट गालिच्यावर बसून कपांचे तुकडे एप्रनमध्ये गोळा करत होती. ‘मला का सांगितलं नाहीस?’ तिने विचारलं. वर न बघता.

‘काय सांगायचं होतं? तुझ्या करण्याला मोल नाही म्हणून?’

‘हो.’

‘मग तू विचारलं असतंस, का नाही. मग ते पण सांगावं लागलं असतं.’ तो थांबला. ‘आपण ते कधी बोललोय का?’

ती तुकडे वेचत राहिली.

‘मी तुझ्यावर रागावलेलो नाही,’ इद्वाल म्हणाला. ‘कधीच नव्हतो. गाडी मागे आली, झालं.’

तेव्हा तिने वर पाहिलं. मी माझ्या भावजयीला तिच्या लग्नाच्या आधीपासून ओळखते. असं बघताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ‘मी रागावलेलो नाही’ हे ऐकायला ती दोन हिवाळे थांबली असेल, असं मला वाटलं होतं. ते मिळालं तेव्हा कोणीतरी पायाखालची फळी काढून घेतल्यासारखी ती दिसली.

अंगणात पावलं वाजली.

*

मेलेरी बाई आत आली. बसली नाही. माझ्याकडे वळली.

‘डिलिस, एकदाच विचारते, आणि तुम्ही सांगाल ते मी लिहीन. मी जे पाहिलं तेही लिहीन. इद्वालचं तुम्ही करता का?’

इद्वालची नजर माझ्या कानाशी जाणवत होती. मी मान हलवायला सुरुवात केली असेल. पण नेस्टच्या एप्रनमधले तुकडे किणकिणले. दोन हिवाळे एका माणसाला पेलणारे ते हात, चिनी मातीचे तुकडे त्यांना पेलवत नव्हते.

‘मी काही केलेलं नाही,’ मी म्हटलं.

आमच्याकडे प्रत्येक जण आयुष्यभर म्हणतो ते वाक्य. खरं असं ते मी त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले.

आणि मेलेरी बाईच्या चेहऱ्यावर ते हसू परत आलं. दमलेलं, समजूतदार. ‘तुमच्याकडे सगळेच असं म्हणतात हो,’ ती म्हणाली.

दुसरं काय बोलायचं? आमच्याकडे याला दुसरे शब्दच नव्हते. मी खरं सांगितलं होतं आणि ते शिष्टाचारात विरघळून गेलं होतं.

‘ती खरं सांगतेय,’ नेस्ट म्हणाली.

ती उठून उभी राहिली. एप्रन दोन्ही मुठींत धरलेला.

‘तिने नाही केलं. मी केलं.’

खोऱ्यात हे शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. लहानपणी कोंबडीच्या वेळी जे म्हटलं तेवढंच. मला वाटलं, भिंतीवरच्या फोटोतले तिचे आजोबा डोळे मिटून घेतील.

‘लिहा,’ नेस्ट म्हणाली. ‘मी त्याला उठवते. डाव्या बाजूने. उजवीकडून धरलं तर तो ओरडतो, आत्ता ऐकलंत तसा. मी त्याला भांड्यावर बसवते, आणि पुसते. सुरुवातीला तो भिंतीकडे तोंड करायचा, आता करत नाही. त्याचे मोजे मी मुठीवर घेऊन चढवते. रात्री त्याची कूस मी बदलते, आणि तो झोपेत ‘सॉरी’ म्हणतो, प्रत्येक वेळी. ते धरत नसाल तर धरू नका. मेंढ्या विताना मी त्याला खिडकीशी बसवून दिवा त्याच्याकडे देते, म्हणजे त्याला वाटतं तोही आहे. त्याचा पाय सडत होता तेव्हा मी वास घेऊन ओळखलं, नर्सच्या आधी...’

‘नेस्ट, पुरे,’ इद्वाल म्हणाला. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता.

‘गाडीही मीच मागे घेतली,’ नेस्ट म्हणाली. ‘ती आपली आपण नाही आली. मी आरशात बघितलं, तू दिसला नाहीस, आणि मी पाय दाबला. तू कशाला रागावत नाहीस? कोणावर रागावत नाहीस? गाडीवर?’

बाहेर कुत्रं भुंकलं आणि थांबलं.

‘दोन्ही लिहा,’ ती मेलेरी बाईला म्हणाली.

‘नेस्ट,’ मेलेरी बाई फार हळू बोलली, ‘हे लिहिलं की याचं शून्य होतं. तुम्हाला कळतंय ना?’

‘कळतंय. शून्य लिहा. पण माझ्या नावापुढे लिहा. डिलिसच्या नाही.’

मेलेरी बाईने लिहिलं. बराच वेळ. तेवढा वेळ इद्वाल तिघींसमोर, हात तोंडावर न घेता, कारण हात सोडले तर तो पडला असता, रडत उभा होता.

*

भरपाई आली. हाडांची आली, बुडालेल्या कामाची आली. नेस्टच्या सेवेपुढे काही नव्हतं. माझ्या गुरुवारांचे मात्र पैसे आले. मी ते घेऊन ब्रिन्हेलिगला गेले आणि टेबलावर ठेवले. नेस्टने ते परत माझ्याकडे सरकवले. ‘तुझ्या कांद्यांचे आहेत,’ म्हणाली.

यापुढच्या सेवेचे पैसे वेगळे मिळाले, पण ते पगारी माणसालाच देता येतात. परक्या माणसाने केलं तर कायदा ते मोजतो. म्हणून आता बांगोरहून केल्विन नावाचा तरुण येतो. सोनेरी दाढी, मृदू आवाज, प्रशिक्षण घेतलेला. तो इद्वालला समोरून उठवतो, पट्टा लावून, पद्धतशीर. डोंगर राहिला. नेस्टला आता झोप मिळते. निदान ती वेळेला अंथरुणात जाते.

चॅपलमध्ये त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही. बातमी कशी पसरली कोण जाणे, पण पसरली. गाडीचं कोणाला काही वाटलं नाही, ते सगळ्यांना माहीतच होतं. ‘मी केलं’ म्हणाली, याचं मात्र अजून वाटतं. ग्वीन तिला बघितलं की टोपी काढतो. पूर्वी काढत नसे. तो आदर आहे की भीती, मला सांगता यायचं नाही.

गेल्या गुरुवारी मी तिथे होते. केल्विनने इद्वालला उठवलं. सगळं नीट झालं, पाय सरकला नाही, कोणी ओरडलं नाही. फक्त अर्ध्यावर येताना इद्वालचा डावा हात बाजूला गेला आणि हवेत थांबला. नेस्ट चुलीपाशी होती. तिने दोन्ही हात काखांत दाबून धरले होते.

अपघात झाला तो दिवस नांतच्या कातरणीचा होता. ती दोघं माझ्या कामाला आली होती.